आधी खोली, मग गोळी

अपंग, बेघर म्हाताऱ्याचा विषय निघाला की नंदुरबारात काय किंवा पुण्यात काय, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पोरं असतील ना त्याला?" विचारणाऱ्याला उत्तर नको असते. जबाबदारी कुणाची, हे त्याने मनात आधीच ठरवून टाकलेले असते. त्यापाठोपाठ "सरकारच्या एवढ्या योजना आहेत" येते, मग "पैसे दिले की दारूत घालतात", आणि अगदीच निरुपाय झाला तर "वृद्धाश्रमात ठेवा". या प्रत्येक वाक्यात थोडे तथ्य आहे, म्हणून तर ती इतकी वर्षे टिकली. पण चारही जोडून जे उत्तर तयार होते ते चुकीचे आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यात तर ते उघडउघड खोटे ठरते.

पोरांचे आधी घेऊ. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 चा. म्हातारा बाप प्रांताकडे अर्ज करून मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मागू शकतो. शहरातल्या फ्लॅटवरून भांडणाऱ्या भावांसाठी हे हत्यार चांगले आहे. पण अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या पाड्यातला मुलगा दिवाळीनंतर बायकोसकट ऊसतोडीला निघतो, बारडोलीच्या बाजूला किंवा पश्चिम महाराष्ट्रात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खाऊन संपलेली असते. पुढचे पाच-सहा महिने तो ताडपत्रीखाली राहतो. त्याच्याविरुद्ध हुकूम मिळवला तरी वसुली कशातून करायची? आणि एक पाय नसलेल्या बापाला तो फडावर कुठे ठेवणार? इथे मुलगा निष्ठुर आहे असे मानायची गरजच नाही. तोही वर्षातला अर्धा काळ बेघरच असतो.

त्याच कायद्याचे कलम 19 मात्र कुणाच्या तोंडी नसते. दर जिल्ह्यात किमान एक, निदान 150 निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम, असे ते सांगते. सांगताना "सरकार करू शकेल" अशी पळवाटही ठेवते. मुलांवर सक्ती आणि सरकारला मुभा! डिसेंबर 2018 मध्ये अश्वनी कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले, की कुठल्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

आता योजनांचा मुद्दा. खरा वाद इथेच आहे.

योजना आहेत, हे मान्यच. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासूनची. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ योजना. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून पाच लाखांपर्यंतचे उपचार. ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1.20 लाख, डोंगराळ भागात 1.30 लाख. शिवाय आदिवासींसाठी शबरी घरकुल. कागदावर बेरीज केली तर म्हाताऱ्याला कमी काय, असे वाटावे.

आता समजा, सहासष्ट वर्षांचा एक माणूस आहे. मधुमेहाने पाय गुडघ्याखाली कापावा लागला, पत्नी गेली, झोपडे होते ते वनजमिनीवर आणि तेही पडले. आता तो नंदुरबारच्या एसटी स्टँडवर राहतो. हा कुणी एक नव्हे, पण असा माणूस कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी भेटेल. श्रावणबाळच्या अर्जाला त्याने काय जोडायचे? पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, तलाठी-तहसीलमार्गे वर्षाला 21,000 च्या आत असल्याचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधार, बँकेचे पासबुक. दिव्यांग म्हणून काही हवे तर जिल्हा रुग्णालयाचे किमान 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र. आणि एवढे करून मंजुरी मिळालीच तर दरवर्षी हयातीचा दाखला. यातला प्रत्येक कागद आधी पत्ता विचारतो. त्याच्याकडे नाही तो नेमका पत्ताच.

घरकुलाची तऱ्हा याहून विलक्षण. घर बांधायला पैसे मिळतात, पण स्वतःची जागा दाखवल्यावर. जागा घ्यायला मदत देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनाही आहे, पण तीही घरकुलाच्या यादीत नाव असणाऱ्यालाच. म्हणजे बेघर माणसाने आधी घरवाल्यांच्या यादीत यायचे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चे कलम 37 घरांच्या सर्व योजनांत दिव्यांगांना पाच टक्के आरक्षण देते. पण रांगेतच उभा नसलेल्या माणसाला आरक्षणाचा उपयोग काय?

या जिल्ह्याला हे शिकवायला नको. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. ज्याच्याकडे कागद नाही त्याला ओळख मिळेल, हे तेव्हाचे वचन. ओळख मिळाली, पण ती घर असलेल्यांना जास्त सोयीची झाली. पावसात कार्ड भिजले, मोबाइल गेला, मजुरीने बोटांचे ठसे झिजले, की तोच बारा आकडी क्रमांक म्हाताऱ्याच्या वाटेत आडवा पडतो.

रकमेबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. 2023 मध्ये निराधारांचे अनुदान महिना 1500 झाले, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 24 मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की दिव्यांगांची मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त असावी. म्हणजे 1875 तरी हवे होते. दिव्यांगांना मिळाले 1500 च. 2025 मध्ये ते 2500 केले गेले, त्याचे स्वागत. वृद्धांच्या अनुदानातला केंद्राचा वाटा मात्र साठ ते एकोणऐंशी वयासाठी अजून 200 रुपयांवर आहे, आणि तो जवळपास वीस वर्षे हललेला नाही. 2500 रुपयांत खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण आणि औषध बसवून दाखवा, असे आव्हान योजनांची यादी वाचून दाखवणाऱ्याला द्यायला हरकत नाही.

उपचारांचेही तसेच. पाय कापण्याची शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसते. आयुष्मान योजनेत घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्चही धरलेला आहे. पण घरी सोडायचे म्हणजे कुठे? जखम स्वच्छ ठेवायची स्टँडवर, इन्सुलिन थंड ठेवायचे मे महिन्यातल्या नंदुरबारात उघड्यावर, आणि वेळेवर खायचे ते कुणी दिले तर. जखम पुन्हा चिघळते, पुन्हा दाखल, पुन्हा पॅकेज. रुग्णालयाच्या नोंदीत दोन यशस्वी उपचार होतात आणि माणसाचा दुसरा पाय जातो. सिकलसेलचेही असेच : या पट्ट्यातल्या आदिवासींत तो मोठ्या प्रमाणावर आहे, खुब्याचे हाड निकामी करतो, आणि 2016 च्या कायद्याने त्याला अपंगत्वाच्या 21 प्रकारांत घेतले आहे. त्याला पाणी, ऊब आणि विश्रांती लागते. या तिन्ही गोष्टी फूटपाथवर मिळत नाहीत.

"मग गावाकडे पाठवा," असे सहज म्हटले जाते. सप्टेंबर 2021 मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता. आजारी, वयस्क बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला, आणि वाटेतच तिने प्राण सोडला. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून रुग्ण अजूनही बांबूच्या झोळीतून खाली येतो. ज्याला महिन्यातून दोनदा दवाखाना लागतो त्याला तिथे पाठवणे म्हणजे उपचार बंद करणे होय, फक्त तसे कुणी बोलून दाखवत नाही.

दारूचे थोडक्यात. पिणारे आहेत. निवृत्त अधिकारीही पितात. त्यांचे निवृत्तिवेतन त्यासाठी कुणी रोखल्याचे ऐकलेले नाही.

आणि वृद्धाश्रम? पुष्कळ संस्था प्रवेशालाच अट घालतात, की स्वतःची कामे स्वतःला करता आली पाहिजेत. ज्याला करता येत नाहीत त्याच्यासाठी राज्याकडे 1959 चा भिक्षा प्रतिबंध कायदा शिल्लक राहतो, म्हणजे उपजीविकेचे दृश्य साधन नाही म्हणून पकडून भिक्षेकरी गृहात टाकणे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात तो चालू आहे. मदत आणि अटक यांतला फरक ज्या व्यवस्थेला कळत नाही, तिच्या वृद्धाश्रमाची म्हाताऱ्यांना भीती वाटली तर नवल नाही.

मग करायचे काय? माझे म्हणणे एवढेच आहे, की क्रम उलटा करा. कागद, मग अनुदान, मग उपचार, आणि शेवटी जमले तर घर, हा आजचा क्रम. आधी खोली द्या. जिल्हा रुग्णालयापासून तीनचाकी ढकलत जाता येईल इतक्या अंतरावर, तळमजल्यावर, संडासाला पायरी नसलेली. ती भाड्याची असली तरी चालेल. भाडे नगरपालिकेने थेट घरमालकाला द्यावे.

पैसा कुठून, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. राज्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे आहेत. अनेक ठिकाणी हा निधी वर्षाअखेरीस थोडाथोडा वाटून संपवला जातो. फोटो निघतात, कुणाचे काही बदलत नाही. त्यातून दहा-वीस खोल्यांचे वर्षाचे भाडे भरणे अवघड नाही. शहरी बेघरांसाठीचा निकषही दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचे एक निवारा केंद्र असा आहे, आणि नंदुरबार शहराने 2011 च्या जनगणनेतच लाख ओलांडला होता. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र आधारसाठी ग्राह्य धरले जाते. म्हणजे छत मिळाले की पत्ता मिळतो, आणि पत्ता मिळाला की दाखल्यांची ती सगळी रांग हलू लागते.

हे काही परदेशी खूळ नव्हे, जरी फिनलंडने 2008 पासून हेच केले आणि त्यानंतरच्या दशकात तिथे बेघर माणसे कमी झाली. गाडगेबाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा उभारल्या. दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आजही परळच्या टाटा रुग्णालयात आलेले कर्करोगी आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आजाऱ्याला दवाखान्याजवळ टेकायला जागा लागते, हे ज्याला अक्षर येत नव्हते त्या माणसाला कळले होते. आपल्या आरोग्य खात्याचा आणि घरकुलांचा कारभार दोन टोकांना चालतो, आणि म्हाताऱ्याने कुबडीवर त्यांच्यात ये-जा करायची असते.

शेवटची हरकत मला ठाऊक आहे : "खोल्या दिल्या तर सगळेच येतील." येऊ द्या. स्टँडवर झोपणारे किती, त्यात अपंग किती, साठीच्या पुढचे किती, याची मोजणी नगरपालिकेला एका रात्रीत करता येते. दिव्यांग कायद्याचे कलम 24 कुटुंब नसलेल्या, टाकलेल्या, निवारा नसलेल्या दिव्यांगांसाठी सोय करायला सरकारला नावानिशी सांगते, तेव्हा येणारे आगंतुक नाहीत. नगरपालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येते. पाच टक्क्यांच्या त्या ओळीसमोर "भाडे" हा शब्द आहे का, एवढे या वेळी नगरसेवकांना विचारा. नसेल तर कुणाचे भाडे, किती खोल्या, कुठल्या गल्लीत, हे लिहून घेऊनच सभागृहातून उठा.