तवंग कोणाचा?

सन २०२३ च्या डिसेंबर महिन्यात मिचौंग चक्रीवादळामुळे चेन्नई शहरात अतोनात पाऊस झाला. पुराच्या पाण्याबरोबर शहराच्या उत्तरेकडील एन्नोर खाडीत काळे, चिकट तेल पसरले. कोळ्यांच्या होड्या व जाळी माखली, मासेमारी थांबली, पाणपक्ष्यांची पिसे चिकटून गेली. जवळच मनाली येथे तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना आहे. आमच्याकडून गळती झालीच नाही, असे त्याच्या चालकांनी प्रथम सांगितले. परंतु त्याच कारखान्याच्या परिसरातून तेल बकिंगहॅम कालव्यात व तेथून खाडीत आले, असे तमिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने म्हटले.

अशा वेळी "आधी तेल काढा, ते कोणाचे हे मागाहून पाहू" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हे म्हणणे पटत नाही. तेल काढलेच पाहिजे. पण त्याचा नमुना त्याआधी, पहिल्याच दिवशी बाटलीत भरून ठेवला पाहिजे. उन्हावाऱ्याने तेलातील हलके भाग उडून जातात, काही भाग सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, आणि पुरावा दिवसेंदिवस पुसट होत जातो. मालक सापडला नाही, तर नुकसान सोसावे लागते ते ज्याचे जाळे बुडाले त्यालाच.

पाण्यावरचा प्रत्येक रंगीत तवंग तेलाचाच असतो, असे मात्र नाही. साचलेल्या पाण्यात लोहयुक्त सूक्ष्मजीवांमुळेही तसाच तवंग येतो. काठीने डिवचून पाहावे. तेल असेल, तर ते बाजूला सरून पुन्हा एकत्र येते. दुसरा तवंग काचेसारखा तडकून त्याचे तुकडे होतात. तेल किती पातळ पसरते, हेही ध्यानात घ्यावे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका थर धरला, तर एक लिटर तेल एक हजार चौरस मीटर पाणी झाकते! तेव्हा मोठा तवंग म्हणजे मोठीच गळती, असे समजू नये.

तेल आहे अशी खात्री पटली, की प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागावे. जेथे तवंग संपतो, त्याच्या आसपासचे नाले, गटारांची तोंडे व झाकणे तपासावीत. पुढचे काम प्रयोगशाळेचे. खनिज तेल हे हजारो पदार्थांचे मिश्रण आहे. गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रात ते तापवून एका लांब, बारीक नळीतून सोडतात. हलके पदार्थ आधी बाहेर पडतात, जड मागून. आणि कागदावर डोंगररांगेसारखी रेषा उमटते. प्राचीन काळच्या जिवाणूंपासून तेलात उरलेले 'होपेन' नावाचे पदार्थ सहसा उडत नाहीत, लवकर कुजतही नाहीत. त्यांचे परस्पर प्रमाण जणू तेलाच्या बोटांचा ठसाच! खाडीतील नमुन्याची रेषा कारखान्यातील तेलाच्या रेषेशी जुळली, तर नाकबूल करणे कठीण जाते.

शेजारच्या दोन कारखान्यांनी एकच तेल वापरले असेल, तर मात्र यंत्र मुके होते. मग पुन्हा गटारांची झाकणे उघडत फिरावे लागते.

ठसा जुळवायचा, तर जुळवण्यास दुसरा ठसा हवा. आणि तो मागण्यासाठी अपघाताची वाट का पाहावी? नदीकाठी किंवा खाडीकाठी तेल साठवणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आपल्या तेलाची एकेक बाटली प्रदूषण मंडळाकडे आधीच द्यावी, आणि तेल बदलले की नवी बाटली द्यावी. हा व्याप फार मोठा आहे, अशी तक्रार होईल. एका जिल्ह्याच्या बाटल्या ठेवण्यास काही फडताळे पुरतील.