सुई भारतातून चीनला गेली खरी, पण कोणती?

सांगलीजवळच्या माधवनगरात दुखणाऱ्या सांध्यांना तोटा नाही. कापड गिरणीत उभ्याने पाळ्या केलेल्यांचे गुडघे आहेत आणि उसाच्या फडात आयुष्यभर वाकलेल्या कमरा आहेत. अशा माणसाला कोणी सुचवते, ‘ॲक्युपंक्चर करून पाहा.’ सल्ला म्हणून यात काही वावगे नाही. वावगे आहे ते त्याला हमखास जोडले जाणारे पुढचे वाक्य : ‘ही विद्या मूळची आपलीच. बौद्ध भिक्खूंनी ती चीनला नेली.’

हे वाक्य मोबाइलवरून इतके फिरले आहे की आता ते तपासण्याची गरजही कोणाला वाटत नाही. या धाग्यात ते तपासायचे आहे.

दाव्याचे पुरावे सहसा तीन असतात : ‘सूचीवेद’ नावाचा प्राचीन ग्रंथ, सुश्रुताची मर्मे आणि कर्णवेध संस्कार.

पहिल्याचा निकाल चटकन लागतो. चरक, सुश्रुत, वाग्भट यांपैकी कोणीही या नावाच्या ग्रंथाचा उल्लेख करत नाही. सुश्रुतसंहितेत सूची आहे, आणि तिचे वर्णनही नेमके आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात सुयांचे तीन प्रकार येतात : मांस कमी असलेल्या जागी आणि सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल जागी तीन अंगुळांची तीनधारी सुई, आणि मर्म, अंडकोश व पोट यांसाठी धनुष्यासारखी वाकडी सुई. या तिन्हींचे काम जखम शिवणे. जगाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात मानाने मांडावी अशी ही नोंद आहे. तिच्या जोरावर वेगळ्याच विद्येची मालकी सांगू लागलो की मूळ नोंदच झाकली जाते.

मर्मांचा पुरावा तर दाव्याच्या विरोधातच जातो. सुश्रुताने शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आणि आघाताच्या परिणामानुसार त्यांचे पाच वर्ग केले. १९ मर्मांवर आघात झाला तर तत्काळ मृत्यू, ३३ वर कालांतराने. ३ ठिकाणी शल्य उपटून काढताच मृत्यू. ४४ ठिकाणी व्यंग आणि ८ ठिकाणी तीव्र वेदना. शल्यचिकित्सकाने शस्त्र कुठे चालवू नये, याची ही यादी आहे. जिथे टोचल्याने बरे वाटते, अशा बिंदूंचा नकाशा म्हणून ती दाखवणे म्हणजे धोक्याचा फलक स्वागताची कमान म्हणून उभारणे होय.

कर्णवेधाबद्दल सुश्रुत स्वतःच सांगतो की बालकाचे कान रक्षणासाठी आणि भूषणासाठी टोचावेत. ‘कान टोचल्याने अमुक ग्रंथी जागृत होते’ ही भाषा त्याची नव्हे. कानावर साऱ्या शरीराचा नकाशा कल्पून उपचार करण्याची आजची पद्धत लियाँचे फ्रेंच डॉक्टर पॉल नोजिए यांनी १९५० च्या दशकात मांडली. सोनाराच्या दुकानात रडणाऱ्या बाळाशी तिचा संबंध नाही.

दाव्याच्या बाजूने खरोखर वजनदार असा एकच मुद्दा आहे, आणि गंमत म्हणजे तो फिरत्या मजकुरात क्वचितच दिसतो : सिरावेध. गृध्रसी, म्हणजे ज्याला आज सायटिका म्हणतात, त्या दुखण्यात गुडघ्याच्या सांध्याच्या चार अंगुळे वर किंवा खाली शीर वेधावी, असे सुश्रुत सांगतो. वेदनेवर उपाय म्हणून ठरावीक जागी टोचणे, हे साम्य नाकारता येत नाही. पण सुश्रुताचे शस्त्र शिरेत शिरते ते दूषित रक्त बाहेर काढण्यासाठी. शृंग, जळू आणि अलाबू हे त्याच रक्तमोक्षणाचे इतर मार्ग. अलाबू म्हणजे भोपळा. आपल्याकडच्या तुंबड्या लावणाऱ्यांची परंपरा तिथवर पोचते. रक्त काढणे ग्रीसमध्येही होते आणि चीनच्या जुन्या ग्रंथांतही भरपूर आहे. तीन संस्कृतींनी शीर फोडली म्हणून त्यांतली एक दुसरीची शिष्या ठरत नाही.

आता कालक्रम पाहू. १९७३ मध्ये चीनमधील मावांगदुई येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली कबर उघडली गेली. तिच्यातील रेशमावरच्या वैद्यकीय लेखांत शरीरातील अकरा वाहिन्या वर्णिल्या आहेत. त्यांवरचा उपचार औषधी पाल्याचा डाग देण्याचा आहे. सुईचे बिंदू अजून अवतरलेले नाहीत. त्याच शतकातील छुन्यू यी या वैद्याच्या रुग्णकथा सिमा छियेनच्या इतिहासग्रंथात आहेत आणि त्यांत सुईचा उपचार येतो. म्हणजे ही विद्या चीनच्या भूमीत टप्प्याटप्प्याने घडताना दिसते. बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात. जे भिक्खू अजून निघालेच नव्हते, त्यांच्या झोळीत ही सुई कोणी ठेवली?

भारतातून एक सुई मात्र खरोखरच चीनला गेली. ती मोतीबिंदूची.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने डोळ्यातील अपारदर्शक भिंग बाजूला सारण्याची क्रिया तपशिलाने दिली आहे. थांग राजवटीच्या काळात ती चीनमध्ये ‘सोन्याच्या शलाके’ची क्रिया म्हणून माहीत होती आणि नेत्ररोगांवरचा एक ग्रंथ तर थेट नागार्जुनाच्या नावावर रूढ होता. लियू यूशी (७७२–८४२) या थोर कवीने डोळ्यांवर उपचार करणाऱ्या ब्राह्मण भिक्षूला उद्देशून कविता लिहिली. चिनी लेखकांनी हे ऋण लपवले नाही. बाहेरून आलेली विद्या बाहेरची म्हणून नोंदवणाऱ्या या लोकांनी ॲक्युपंक्चरच्या बाबतीतच तोंडात मिठाची गुळणी का धरावी? उत्तर सरळ आहे : ती विद्या बाहेरून आलेली नव्हती. पण खोट्या वारशाच्या गजरात हा खरा वारसा आपल्याच मुलांना ठाऊक नाही.

चिनी बाजूलाही पुराणकथा आहेत. ‘हजारो वर्षे अखंड’ ही त्यांपैकी पहिली. १८२२ मध्ये दावग्वांग सम्राटाच्या काळात राजवैद्यांच्या संस्थेतून सुईचा उपचार हद्दपार झाला. १९२९ मध्ये तर पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला आणि वैद्यांच्या मोठ्या विरोधामुळे तो मागे पडला. आजच्या केसासारख्या बारीक सुया आणि मज्जातंतूंशी जुळवून घेतलेले बिंदू यांत १९३० च्या दशकातील छंग दान-आन या सुधारकाचा वाटा मोठा; प्रमाणित रूप आले ते १९५० च्या दशकातील साम्यवादी राजवटीत. १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचे अपेंडिक्सचे ऑपरेशन बीजिंगमध्ये झाले. ते नेहमीची भूल देऊन झाले होते. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी. तरी ‘सुयांच्या भुलीवर ऑपरेशन’ ही दंतकथा जगभर झाली. युरोपही मागे नाही : आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावरील गोंदणात काहींना ॲक्युपंक्चरचे बिंदू दिसले.

महाराष्ट्राचा या कथेशी जोडला जाणारा दुवा म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. लुधियानात त्यांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे, त्यामुळे हा उपचार त्यांनीच आणला असा समज सहज होतो. कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. ॲक्युपंक्चर शिकून भारतात आणले ते त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, कोलकात्यात. सहकाऱ्याच्या स्मृतीशी त्यांनी ते काम जोडले. या इतिहासात चीनकडून शिकण्याची लाज कोणालाच वाटलेली नाही.

ती माधवनगरच्या आजोबा-पणजोबांनाही वाटली नव्हती. जवळच्या मिरजेत विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातून रुग्णांची रीघ लागली. क्लोरोफॉर्म वेदांत होता की नाही, हे विचारून कोणी टेबलावर झोपले नाही. लोकांनी बरे होऊन परतलेला शेजारी पाहिला होता.

ॲक्युपंक्चरलाही हीच कसोटी लावायला हवी, आणि तिचे उत्तर ना भक्तांना रुचते ना निंदकांना. २००७ मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना लक्षणीय उतार पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्क्यांना. सुयांनी आराम पडला, पण बिंदू कोणते याने फारसे बिघडले नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी हा उपचार देऊ नये असे सांगितले. तिनेच २०२१ मध्ये, ठोस कारण न सापडणाऱ्या दीर्घकालीन वेदनेसाठी त्याचा विचार करता येईल, असे म्हटले.

सूज आणि दाहाबाबतची गोष्ट आणखी कोवळी आहे. २०२१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत मागच्या पायातील एका बिंदूवर विद्युत-सुई लावल्यावर मज्जातंतूंच्या एका ठरावीक मार्गाने शरीरातील दाह घटलेला दिसला. संशोधन उत्तम आहे. मात्र त्याच गटाच्या २०२० च्या प्रयोगांत, उत्तेजनाची जागा, तीव्रता आणि वेळ बदलली की दाह वाढूही शकतो, असे आढळले होते. उंदरापासून माधवनगरच्या आजीच्या सुजलेल्या बोटांपर्यंतचे अंतर मोठे आहे.

आणि ती बोटे हाच या वादाचा खरा विषय आहे. मराठीत ‘संधिवात’ या एका शब्दात दोन वेगळे आजार कोंबले जातात. गुडघ्याची झीज झाली असेल तर वेदना थोडी कमी करणारा उपचार स्वीकारण्यात फारसे बिघडत नाही. ऱ्हुमॅटॉइड प्रकारात मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर हल्ला करते. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात, उशीर झाला तर बोटे कायमची वाकडी होतात. ‘पाच हजार वर्षांची आपली विद्या’ या एका वाक्याच्या भरवशावर जे महिने जातात, ते परत मिळत नाहीत.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र उपचारपद्धतीची मान्यता दिली. आता त्याला उसन्या आजोबांची गरज नाही. सुई टोचणाऱ्याला विचारायचे ते एवढेच : नोंदणी आहे का, सुई नवी आणि निर्जंतुक आहे का, आणि रक्ततपासणी होऊन आजाराचे निदान झाले आहे का?