वाटाड्याची कुचेष्टा

कोणी गृहस्थ परदेशच्या प्रवासाहून परत आला आणि ‘एका दिवसांत अमुक प्राचीन नगर पाहिलें, बरोबर माहिती सांगणारा वाटाड्या होता’ असें म्हणाला, कीं आमच्या विद्वान् मंडळींच्या ओठांवर एक विशिष्ट प्रकारचें स्मित उमटतें. जळगांव-धुळ्याकडील वकील, डॉक्टर, व्यापारी, निवृत्त शिक्षक असे पुष्कळ लोक अलीकडे यात्राकंपन्यांबरोबर भूमध्यसमुद्राच्या बाजूस जाऊं लागले आहेत. त्यामुळें हें स्मित पाहण्याचा प्रसंगहि वारंवार येतो. ‘मेंढरांचा कळप’, ‘छत्रीमागून धांवणारे इतिहासभक्त’ अशीं विशेषणें आम्हीं स्वतःच्या कानांनीं ऐकिलीं आहेत, आणि तीं बहाल करणारे बहुतेक आमच्याच व्यवसायांतले, म्हणजे इतिहास व वाङ्मय शिकविणारे. या थट्टेंत रसिकता थोडी आणि आळस फार, असें आमचें स्पष्ट मत आहे.

इफिससचेंच उदाहरण घ्या. तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील कुशादासी बंदरांत सकाळीं बोट लागते, मोटारगाडी प्रवाशांस जुन्या नगराच्या वरच्या दारापाशीं सोडते, आणि उतरत्या फरसबंद रस्त्यानें चालत कांहीं तासांत मंडळी खालच्या दारानें बाहेर पडतात. आम्ही स्वतः अशा एका टोळींत होतों. वाटेंत सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत लागते. ती सारी ढांसळून पडलेली होती, आणि १९७० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रियन संशोधकांनीं तुकड्यास तुकडा जुळवून ती पुन्हां उभी केली, हें सांगितल्याशिवाय कोणास कळावें? पुढें सुमारें चोवीस हजार माणसें बसतील एवढें नाट्यगृह. येथें वाटाड्या थांबतो व देमेत्रियसाची हकीकत सांगतो. अर्तेमिस देवीचीं चांदीचीं देवळें घडवून विकणारा हा कारागीर. पौलाच्या उपदेशानें धंदा बुडेल या भीतीनें त्यानें आपल्या व्यवसायबंधूंस चिथाविलें, आणि सारें शहर या नाट्यगृहांत लोटून दोन तास देवीच्या नांवानें ओरडत राहिलें. धर्माच्या रक्षणास पोटाची चिंता कशी धांवून येते, हें समजण्यास प्रवाशास ग्रीक भाषा यावी लागत नाहीं.

नाट्यगृहापासून एक रुंद रस्ता सरळ पश्चिमेस जातो, आणि तो जेथें संपतो तेथें लव्हाळ्यांची दलदल आहे. ‘येथें समुद्र होता,’ असें वाटाड्या म्हणतो. नदीच्या गाळानें बंदर बुजलें, समुद्र कित्येक मैल मागें हटला, आणि बंदराबरोबर नगराचें दैवहि ओसरलें. आमच्या मतें त्या दिवसाचें सारें मोल या तीन शब्दांत आहे. डोळ्यांना दलदल दिसते. न दिसणारा समुद्र दाखविणें हें ज्याचें काम, त्याची गणना हमालांत करणाऱ्या पंडितांस काय म्हणावें?

आक्षेपकांचें एक म्हणणें खरें आहे. दुपारीं प्रवाशांस गालिच्यांच्या नाहींतर चामडी कपड्यांच्या दुकानांत नेऊन बसवितात, चहा पाजतात, आणि घासाघीस सुरू होते. आमचाहि एक उत्तम तास असा गालिच्यांवर वांया गेला. परंतु पंढरपुरांत चुरमुऱ्यांचीं व कुंकवाचीं दुकानें आहेत म्हणून वारी खोटी ठरत नाहीं. शिवाय तुर्कस्तानांत हें काम परवान्याशिवाय करतां येत नाहीं, आणि परवान्यासाठीं रीतसर शिक्षण व परीक्षा लागते.

‘खऱ्या जिज्ञासूनें ग्रंथ वाचून एकट्यानें जावें’ असेंहि म्हणतात. ग्रंथच वाचावयाचे तर ‘पेरिप्लस’ वाचावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तहून व्यापार करणाऱ्या एका ग्रीकभाषी माणसाची ती समुद्रमार्गाची टिपणवही आहे. भडोचच्या मुखाशीं भरती-ओहोटी इतकी भयंकर होती, कीं राजाच्या चाकरींतले कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परक्या गलबतांस वाट दाखवीत आंत आणीत, असें तींत लिहिलें आहे. अफाट समुद्र ओलांडून आलेले ते नाखवे. पण इटलीचें मद्य, तांबें, कथील व पोंवळें घेऊन ते निमूटपणें कोळ्यांच्या मागोमाग जात. आमच्या प्राध्यापकांचा स्वाभिमान त्यांच्यापाशीं नव्हता, एवढेंच.

आणि याच वहींत, नांव न घेतां, आमचा खानदेशहि आला आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर, आणि दोहोंकडून बिकट वाटांनीं गाड्या भरून माल भडोचास उतरे. ही वाट नकाशावर आंखून पाहा. तापीचें खोरें ओलांडल्याशिवाय ती पुरी होत नाहीं. चाळीसगांवाहून घांट चढून गेलें कीं पितळखोरें. ख्रिस्तपूर्व काळापासूनच्या या लेण्यांतील एका खांबावर पैठणच्या मितदेवाच्या दानाचा लेख आहे; हा गांधिक कुळांतला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्यांपैकीं. तेथेंच सांपडलेल्या यक्षाच्या हातावर तो घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचें नांव कोरलेलें आहे. तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. देमेत्रियसाची गोष्ट चवीनें सांगणारे आमचे प्रवासी घरच्या घांटावरील कण्हदासाचें नांवहि जाणत नाहींत. दोष त्यांचा नव्हे. तेथें उभें राहून तें नांव उच्चारणारा कोण आम्हीं ठेविला आहे?

अजिंठ्यास वाटाडे आहेत. म्हणूनच जळगांवच्या शाळकरी पोरासहि १८१९ सालचा स्मिथसाहेब आणि त्याची वाघाची शिकार पाठ असते. सतराव्या लेण्याच्या लेखांतील राजाचा ऋषीक देश म्हणजेच खानदेश, हें मिराशींनीं प्रतिपादिलेलें मत मात्र त्याच्या कानीं पडत नाहीं. पण सांगणारा आहे तेथें सुधारणेस जागा तरी असते. बहाळास गिरणेच्या कांठीं म. न. देशपांडे यांनीं १९५२ पासून, आणि प्रकाश्यास तापी-गोमाईच्या संगमावर थापर यांनीं १९५४-५५ मध्यें उत्खनन केलें; ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर निघाले. प्रकाश्याचा सविस्तर अहवाल इंग्रजींत छापून ग्रंथालयांत जाऊन बसला. प्रकाशें पूर्वी धुळें जिल्ह्यांत होतें, १९९८ पासून नंदुरबारांत आहे. ‘दक्षिण काशी’ म्हणून लोक तेथें स्नानास जातात, क्षेत्राचें माहात्म्य सांगणारे उपाध्ये त्यांस भेटतात, टेकाडाचें माहात्म्य सांगणारा कोणी भेटत नाहीं. शेतकरी जुन्या पांढरीची माती उकरून शेतांत नेऊन टाकतो, कारण ती चांगलें खत आहे एवढेंच त्यास कोणीं तरी सांगितलें आहे. मडक्याच्या एका चित्रित खापरीवरून काय ओळखावें, हें जे जाणतात ते व्याख्यानगृहांत बसून छत्रीवाल्यांस हंसत असतात. दप्तरांसाठीं गांवोगांव पायपीट करणाऱ्या राजवाड्यांनीं ज्या धुळ्यांत १९२६ च्या अखेरीस देह ठेविला, तेथील विद्वानांस तरी धुळीचा विटाळ नसावा!

आमची मागणी साधी आहे. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनीं हिंवाळ्यांतले आठ रविवार यासाठीं काढावे. सकाळीं चाळीसगांव स्टेशनावर गाडी असावी. प्रथम पाटण्यास जावें, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापिल्याचा १२०७ सालचा शिलालेख काय सांगतो तें तेथें मराठींत ऐकावें, मग घांट चढून पितळखोरें पाहावें आणि दिवेलागणीस परत यावें. बरोबर इतिहासाचा एक प्राध्यापक असावा; त्याच्या हातीं छत्री असली तरी आमची हरकत नाहीं. पहिल्या रविवारचें काम आम्ही पत्करतों. पाणी आणि भाकरी प्रत्येकानें आपापली आणावी.