वाचनाचा मीटर कुणासाठी पळतोय?

१ जानेवारी उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर आणि इन्स्टाच्या स्टोरीत एक पट्टी दिसायला लागते. ‘यंदा २५ पुस्तकं. झाली ०.’ जानेवारीअखेर पट्टी ३ वर जाते, खाली बदामांचा पाऊस पडतो. मार्चमध्ये परीक्षा येते आणि पट्टी गुपचूप गायब होते. आपण कुणी विचारतही नाही, कारण आपली पण गायब झालेली असते!

ही हौस आता फक्त आपल्यापुरती राहिलेली नाही. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. २०२५ च्या १ ते १५ जानेवारीत ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ ही मोहीम कॉलेजांमध्ये झाली. सामूहिक वाचन, पुस्तक परीक्षण, कथन स्पर्धा असं सगळं त्यात होतं. तिकडे ‘गुडरीड्स’ ही वेबसाइट २०११ पासून दरवर्षी वाचनाचं चॅलेंज देते. आकडा टाका, पुस्तकं नोंदवा, पट्टी पुढे सरकते. थोडक्यात काय, तर वाचन आता मोजलं जातंय. प्रश्न असा, की मोजल्याने आपण जास्त वाचतो का? आणि वाचलं तर काय गमावतो?

आधी ट्रॅकरची बाजू ऐकू. वरवट बकालच्या स्टँडवर शेगावच्या एसटीची वाट पाहत तुम्ही हे वाचत असाल, तर ट्रॅकर म्हणजे काय हे तुमच्या आजीला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. ‘गजानन विजय’ ग्रंथाचे अध्याय २१. तीन दिवसांचं पारायण करायचं तर रोज सात. कुठवर आलो त्याची खूण पोथीत, उद्या कुठून सुरू करायचं ते डोक्यात. काम मोठं असलं की त्याचे तुकडे करायचे आणि शेवट डोळ्यांसमोर ठेवायचा, एवढीच ती युक्ती. ती चालते, हे सांगायला शास्त्रज्ञांची गरज नव्हती. पण त्यांनीही तेच सांगितलंय.

जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांचा २००६ सालचा प्रयोग बघा. गाड्या धुण्याच्या एका ठिकाणी ३०० ग्राहकांना कार्डं दिली. निम्म्यांच्या कार्डावर ८ शिक्क्यांची जागा. उरलेल्यांच्या कार्डावर १० ची, पण त्यातले २ शिक्के आधीच मारलेले. म्हणजे खेपा दोघांनाही आठच. तरी पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटात ३४ टक्के लोकांनी. सुरुवात झालेली दिसली की माणूस पुढे जातो. त्यामुळे ‘०/२५’ लिहून बसण्यापेक्षा अर्धवट राहिलेलं जुनं पुस्तक आधी हातात घ्या. पट्टी शून्यावरून सुरूच होणार नाही.

मग गडबड कुठे आहे? गडबड आकड्यात आहे. पुस्तकं मोजायची ठरली, की व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ एक आणि भालचंद्र नेमाडेंची सहाशेच्या आसपास पानांची ‘हिंदू’ पण एकच. डिसेंबरमध्ये चार पुस्तकं कमी पडत असतील, तर तुम्ही कुठलं उचलाल? खरं सांगा! आकडा गाठायचा म्हणून आपण बारीक पुस्तकं शोधतो, न आवडलेलं रेटत नेतो आणि आवडलेलं पुन्हा वाचायचं टाळतो, कारण दुसऱ्यांदा वाचलेल्याचा वेगळा मार्क नाही.

दुसरी गडबड जरा खोल आहे. जॉर्डन एटकिन या संशोधिकेचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगवणं, चालणं, वाचणं अशा कामांवर तिने प्रयोग केले. मोजमाप सुरू झालं की लोकांनी काम जास्त केलं, पण त्यांना त्यातली मजा कमी वाटली. पुढे ते करत राहण्याची ओढही घटली. मौजेचं काम मोजलं की ते ड्युटीसारखं वाटायला लागतं. मात्र जे काम मुळात काम म्हणूनच समोर ठेवलं होतं, त्यात मोजल्याने असं नुकसान दिसलं नाही.

हा फरक आपल्या फार कामाचा आहे. एमपीएससीचा सिलॅबस, सेमिस्टरचे युनिट, इंग्रजीची रोजची दहा पानं यांना खुशाल ट्रॅकर लावा. रकाने आखा, टिक करा. ते काम आहे आणि मोजल्याने ते पुढे सरकतं. पण रात्री दिवा बंद करायच्या आधी गंमत म्हणून वाचताय, त्या कादंबरीला मीटर लावू नका.

आणि तिसरी गोष्ट, जी शहरातल्या ग्रुपवर कुणाच्या लक्षात येत नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, तेव्हा आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीची घाई असते. जानेवारीत संकल्प होतात, तेव्हाही कित्येक घरांत कापसाची वेचणी उरलेली असते. घरचं शेत, एसटीचा प्रवास, हातात एकच फोन आणि गावात हवं ते पुस्तक मिळेलच याची खात्री नाही. अशा मुलीचं ‘४/२५’ आणि ज्याच्या घरी कपाटभर पुस्तकं आहेत त्याचं ‘२५/२५’ एकाच ग्रुपवर शेजारी दिसतं. पट्टी फक्त आकडा दाखवते. तो कुठल्या दिवसांतून आला, हे दाखवत नाही. तुलना झाली की मागे पडलेला माणूस वाचन वाढवत नाही, तो ग्रुप म्यूट करतो. नुकसान तिथे आहे. ज्याला वाचनाची सोबत सगळ्यात जास्त हवी होती, तोच आधी बाहेर पडतो.

म्हणून चॅलेंज बंद करा असं मी म्हणणार नाही. पोस्ट टाकायचीच, तर तिची रीत बदला. वर्षाचा आकडा जाहीर करू नका. महिन्याचा ठरवा आणि सोंगणीच्या महिन्यात तो शून्य ठेवायची मुभा सगळ्यांना द्या. सलग दिवस मोजू नका, कारण एक दिवस तुटला की आपण सगळंच सोडतो. ‘किती झाली’च्या जागी तीन गोष्टी लिहा: काय वाचतोय, कुठे अडकलो, कुठलं पुस्तक अर्ध्यात सोडलं आणि का. सोडलेल्या पुस्तकाची नोंद लाजेची नाही, तिच्यामुळे दुसऱ्याचा वेळ वाचतो. चौथा रकाना एकच वाढवा: ‘हे पुस्तक माझ्याकडे आहे, कुणाला हवंय?’

हा रकाना कुठल्याही अ‍ॅपमधल्या पट्टीपेक्षा जास्त कामाचा आहे. ग्रुपमध्ये दहा जण असतील आणि प्रत्येकाकडे दोनच पुस्तकं असतील, तरी वीस पुस्तकांची लायब्ररी तयार होते. या रविवारी करून बघा. आणि ग्रुप म्यूट केलेल्या त्या मैत्रिणीला पहिलं पुस्तक नेऊन द्या, तिचा आकडा न विचारता.