भडक कोणाला?

चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीला निघालेल्या बसमध्ये खिडकीशी बसलेला शहरी पाहुणा एकदा तरी म्हणतोच, ‘काय हो हे भडक रंग!’ पोपटी भिंत, जांभळी चौकट, खाली गुलाबी पट्टा. हा शेरा इतक्यांदा ऐकला आहे की आता उत्तर द्यावेसे वाटते.

बँकेच्या नोकरीत कर्जाच्या तपासणीसाठी या दोन जिल्ह्यांतली (१९८२ च्या ऑगस्टपर्यंत हा एकच जिल्हा होता) पुष्कळ घरे मी आतून पाहिली. मूल्यांकनाच्या फॉर्मात भिंत, छप्पर, क्षेत्रफळ यांना रकाना असे, रंगाला नसे. घरातली बाई मात्र आधी रंगवलेली छपरी दाखवी.

तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. पावसाळा सरला की मातीची भिंत लिंपायची, मग पांढऱ्या मातीने नाहीतर चुन्याने पोतारायची. चुन्यात थोडी नीळ. जमिनीलगत हातभर गेरूचा पट्टा, कारण पावसाचे शिंतोडे तिथेच उडतात. गर्द रंग दारांना आणि छपरीच्या सावलीत. मे महिन्यात जिथे पारा ४६-४७ अंशांवर जातो, तिथे उन्हातली मोठी भिंत फिकी ठेवणे शहाणपणाचेच. फिका रंग ऊन परतवतो, गडद रंग ते पिऊन घेतो. ऑइलपेंट आल्यावर हा हिशेब थोडा बिघडला, हे खरे.

निळ्याची गोष्ट वेगळीच. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्या मुलखात दाराचा निळा रंग नेहमीच नुसत्या आवडीचा नसतो.

मेक्सिको शहरात लुईस बारागान या वास्तुशिल्पीने १९४८ साली स्वतःचे घर बांधले. गुलाबी, पिवळ्या भिंतींचे. २००४ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले आणि आता माणसे तिकीट काढून ते पाहतात. तिथे जाऊन ‘भडक’ म्हणायची आपली छाती नाही!

आता गावोगाव घरकुले उभी आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १,३०,००० रुपये. त्यात विटा, सिमेंट, छत जेमतेम भागते. भिंती प्लास्टरच्या करड्याच राहतात. अशा वेळी कोणी सुचवतो, ‘सगळ्यांना एकच रंग देऊ, गाव नीटनेटके दिसेल.’ कोणाला दिसेल? नकाशा दुसऱ्याचा, माप दुसऱ्याचे, हप्ता सोडणारा दुसरा. सही-शिक्क्यावाचून घेता येईल असा रंग हा त्या घरातला एकच निर्णय उरला आहे. स्लॅबला चुना द्या, आत थोडे गार राहील, एवढे जरूर सांगावे. दाराचा रंग घरच्या बाईला विचारावा.

गेल्या दिवाळीत सावलीजवळ एका करड्या घरकुलाची फक्त चौकट रंगवलेली पाहिली, गर्द शेंदरी. भिंतीचे काम पुढच्या धानावर ठेवले आहे, म्हणाली.