पापलेटला मोजपट्टी, बांगड्याला वजनकाटा

अंबड-सिडको परिसरात येणारा पापलेट मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावरून बर्फात प्रवास करून येतो. त्यात कधी कधी तळहातात सहज मावणारे पापलेटही असतात. स्वस्त म्हणून ते पटकन संपतात. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडीची किमान लांबी ठरवून दिली. त्यात पापलेटची मर्यादा १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला 'राज्य मासा' हा मानही मिळाला. तरीही प्रश्न उरतोच: समुद्रातून किती मासळी काढायची, हे ठरवायचे कसे?

यामागचे शास्त्र मुद्दल आणि व्याजासारखे आहे. समुद्रातल्या साठ्यात दरवर्षी नव्या पिलांची भर पडते. तेवढीच मासळी काढली, तर साठा टिकतो. साठा खूप दाट असेल, तर अन्नासाठी स्पर्धा होऊन वाढ मंदावते. फार विरळ झाला, तर अंडी घालणारे मासेच कमी पडतात. या दोन टोकांच्या मध्ये एका पातळीवर वाढ सर्वाधिक असते. त्या वाढीपेक्षा जास्त पकड म्हणजे मुद्दलाला हात लावणे.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने हा धडा फार महागात शिकला. तिथे कॉड माशाचा साठा कोसळल्यावर १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. बंदी उठायला २०२४ साल उजाडले आणि तेव्हाही वर्षाला १८ हजार टनांचीच परवानगी मिळाली. युरोपीय देशांमध्येही दरवर्षी प्रजातीनिहाय टनांची मर्यादा ठरते.

ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. ट्रॉलर किंवा डोल जाळ्यात एकाच वेळी डझनावारी प्रजाती येतात. पापलेटची मर्यादा संपली म्हणून जाळे फक्त बोंबील पकडू शकत नाही. शिवाय मासळी शेकडो लहान-मोठ्या बंदरांवर उतरते आणि प्रत्येक ठिकाणी काटा लावणे अवघड आहे. म्हणून आपण वेगळे उपाय निवडले. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ मध्ये पर्ससीन नौकांची संख्या आणि हंगाम मर्यादित करण्यात आला. त्यानंतर किमान लांबीचा नियम आला.

या नियमाचा उपयोग होतो, हे केरळात दिसले आहे. तिथे २०१५ मध्ये तो लागू झाला. त्यानंतर राणी माशाच्या पकडीतील पिलांचे प्रमाण घटले आणि उत्पादन वाढले, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला आढळले. पण नियमात एक अडचण आहे. जाळ्यात आलेले पिलू मोजेपर्यंत बहुधा मेलेले असते. ते परत समुद्रात टाकून साठ्याला काहीच फायदा नाही. पिलू निसटून जाईल एवढा जाळ्याचा आस मोठा असला, तरच नियमाला अर्थ आहे. आस वाढला की लहान मच्छीमाराचे आजचे उत्पन्न मात्र घटते. त्यामुळे जाळी बदलण्याचा खर्च आणि सुरुवातीचे नुकसान त्याच्या एकट्याच्या माथी मारले, तर नियम कागदावरच राहील.

पर्ससीनची गोष्ट निराळी आहे. हे जाळे बांगडा किंवा तारलीच्या अख्ख्या थव्याला वेढते. पकड बरीचशी एकाच प्रजातीची असते, परवाने मोजके असतात आणि या नौका मोठ्या बंदरांवरच मासळी उतरवतात. म्हणजे टनांची मर्यादा आपल्याकडे कुठे शक्य असेल, तर ती इथेच. तारलीचा साठा किती वेगाने खाली येतो, हे केरळने पाहिले आहे. २०१२ मध्ये तिथे सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. बदलत्या हवामानाचा यात मोठा वाटा होता. म्हणूनच मर्यादा एकदा ठरवून चालणार नाही, ती दरवर्षी नव्याने ठरवावी लागेल.

परिस्थिती हाताबाहेर गेलेली नाही. संस्थेने २०२२ च्या आढाव्यात देशातील १३५ साठे तपासले, त्यातील ९१.१ टक्के सुस्थितीत होते. पण सरासरी चांगली असली, म्हणजे प्रत्येक मासा सुरक्षित आहे असे नाही. महाराष्ट्राची पकड २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली, ती ४५ वर्षांतली सर्वांत कमी होती. त्या वर्षी वादळांनी मासेमारीचे बरेच दिवस बुडवले होते, त्यामुळे सारा दोष अतिमासेमारीला देता येत नाही. साठा कमी झाला की नौकाच समुद्रात गेल्या नाहीत, हे ओळखायला बंदरावरची रोजची नोंद लागते.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये १२ सागरी मैलांपलीकडील मासेमारीसाठी नवे नियम आणले. त्यात मोठ्या नौकांना डिजिटल प्रवेशपत्र सक्तीचे झाले आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई झाली. राज्याने आपल्या हद्दीत पुढचे पाऊल टाकायला हवे: मिश्र जाळ्यांसाठी मोठा आस आणि भरपाई, पर्ससीनसाठी बंदरावर काटा आणि वार्षिक मर्यादा. किनाऱ्यापासून दूर असलेल्या ग्राहकाचाही यात वाटा आहे. साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा लहान पापलेट इथे विकलाच गेला नाही, तर तो बर्फात भरून आणण्यात कोणाला रस उरेल?