सवलतीतले पाच तारे

गल्ल्यावर बडीशेपेच्या वाटीशेजारी आता एक कार्ड उभे असते. वर क्यूआर कोड, खाली पाच पिवळे तारे आणि त्याखाली ओळ: ‘फाइव्ह स्टार रिव्ह्यू द्या, बिलावर १० टक्के सूट मिळवा.’ कुठे ते खानावळीत दिसते, कुठे सलूनमध्ये, कुठे होमस्टेच्या ओसरीवर. त्यातला ‘फाइव्ह’ नीट पाहावा. जेवण कसे होते, हे कार्ड विचारत नाही. उत्तर आधीच छापलेले आहे. गिऱ्हाइकाने फक्त त्यावर अंगठा उठवायचा.

गिऱ्हाईक तेच करते. ‘नाइस फूड’ एवढे दोन शब्द टंकते, मोबाइल मालकापुढे धरते आणि सूट घेऊन निघून जाते. आमटी खारट होती, हे सांगायचे राहूनच जाते. मालकाने पैसे मोजून तारे घेतले आणि तक्रार गमावली. पुढे ते पान वाचणाऱ्याच्याही हाती काही लागत नाही. ओळीने पाच-पाच तारे आणि खाली ‘सुपर’, ‘बेस्ट’, ‘मस्त’. कुणी काय खाल्ले, कशासाठी पुन्हा जावे, याचा पत्ता नाही.

छोट्या धंद्याला अभिप्रायाची गरज आहे, यात वाद नाही. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले अर्थतज्ज्ञ मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या हॉटेलांचे उत्पन्न आणि येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरचे तारे ताडून पाहिले. २०११मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. मात्र ही वाढ स्वतंत्र हॉटेलांत दिसली, मोठ्या साखळ्यांत नाही. कारण समजण्यासारखे आहे. नावाजलेल्या साखळीत काय मिळणार, हे आत शिरण्याआधीच ठाऊक असते. कोपऱ्यावरच्या खानावळीसाठी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणजे हा शब्द ज्याच्या सर्वांत जास्त उपयोगाचा, तोच तो विकत घेऊन त्याची किंमत घालवतो आहे.

आपल्याकडच्या दुकानांत एक पाटी असायची, अजूनही कुठे कुठे आहे: ‘आवडल्यास इतरांना सांगा, न आवडल्यास आम्हाला सांगा.’ त्या मालकाला दोन्ही गोष्टी ऐकायच्या होत्या. नव्या कार्डाने दुसरा अर्धा भाग कापून टाकला. काही ठिकाणी याहून चलाख पद्धत वापरतात. आधी विचारायचे, तुम्ही खूश की नाराज? खूश म्हणणाऱ्याला थेट गूगलच्या पानावर न्यायचे, नाराजाला खासगी फॉर्मकडे वळवायचे. जुन्या पाटीचेच हे नवे रूप, असा युक्तिवाद होतो. तो पटणारा नाही. पाटी विनंती करत होती. कुणी कुठे बोलायचे, हे गिऱ्हाईक ठरवत होते. इथे ते मालक ठरवतो. गूगलच्या नियमांत दोन्ही गोष्टींना मनाई आहे: मोबदला देऊन अभिप्राय घेण्याला आणि निवडून फक्त खूश गिऱ्हाइकांकडे मागण्याला. जाहिरातींबाबत केंद्र सरकारने जून २०२२मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात, की शिफारस हे शिफारस करणाऱ्याचे खरे मत हवे आणि त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा.

पण प्रश्न नियमाच्या धाकाचा नाही, धंद्याच्या हिताचा आहे. अभिप्राय जरूर मागावा. रागावलेला माणूस न विचारता लिहितो. समाधानी माणूस बडीशेप तोंडात टाकून चालू लागतो. त्याला थांबवायलाच हवे. पण मागायचा तर सगळ्यांकडे मागावा आणि सवलतीशिवाय मागावा. आकडा सुचवू नये, प्रश्न विचारावा: काय आवडले, काय कमी पडले? एका ताऱ्याखाली ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे छापील वाक्य चिकटवू नये. ‘त्या दुपारी आमटीत मीठ दोनदा पडले होते, आता चव घेतल्याशिवाय वाढत नाही’, असे नेमके लिहावे. नवे गिऱ्हाईक ती तक्रार वाचते, तसे हे उत्तरही वाचते.

दारावर कौतुकाचा फलक लावायचा असेल, तर ज्याचे शब्द त्याची परवानगी घ्यावी आणि तारीख घालावी. ‘उत्कृष्ट सेवा’ कुणीही लिहून देतो. ‘वडिलांना मधुमेह आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाताऐवजी भाकरी आली’, हे ज्याच्या घरी डबा येतो तोच लिहू शकतो. दहा शब्दांचा हा मजकूर शंभर ताऱ्यांपेक्षा जास्त विश्वास मिळवतो.

शेजारचा तारे विकत घेतो, मग आम्ही मागे का राहायचे, असे मालक विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. खोट्या ताऱ्यांवर शेजारी वर चढतो आणि प्रामाणिक माणूस खाली राहतो, हे रोज डोळ्यांदेखत घडते. तरीही ताऱ्यांच्या भरवशावर गिऱ्हाईक एकदाच येते. दुसऱ्यांदा ते जेवणासाठी येते, आणि खानावळ चालते ती दुसऱ्यांदा येणाऱ्यांवर. मोठ्या साखळीत मसाल्याचे प्रमाण बदलायचे, तर ते वरून मंजूर व्हावे लागते. खानावळवाल्याला दुपारी कळले, तर रात्रीच्या आमटीत फरक पडतो. भांडवलात, जाहिरातीत, मोक्याच्या जागेत तो मागे असेल. पण ऐकून लगेच सुधारणे त्यालाच जमते. मोठ्यांशी टक्कर द्यायला त्याच्याकडे एवढे एकच बळ आहे. ते त्याने १० टक्के सूट देऊन घालवू नये.